कार्यकारी आदेश 11246 रद्द झाला, मग अमेरिकेतल्या सरकारी कंत्राटदारांचं नोकरीतल्या समान संधीबाबतचं ऑडिट संपलं का?

नाही. जानेवारी 2025 मध्ये कंत्राटदारांनी नोकरीत वंश, लिंग यांवरून भेदभाव करू नये असं सांगणारा तो 1965 चा आदेश गेला. पण अपंगांसाठीचं कलम 503 हे 1973 च्या कायद्यातलं आणि माजी सैनिकांसाठीचाही कायदाच. राष्ट्राध्यक्षांच्या सहीने ते पुसले जात नाहीत.

कलम 503 खाली किमान 50 कर्मचारी आणि किमान 50,000 डॉलरचं कंत्राट असेल, तर कंत्राट सुरू झाल्यापासून 120 दिवसांत अपंगांना नोकरीत संधी देण्याची लेखी योजना तयार हवी. ऑडिटचं पत्र आल्यावर ती लिहायला बसू नका, कागद सादर करायला जेमतेम 30 दिवस मिळतात. बहुतेक जण अडकतात ते भरतीसाठी कुठे संपर्क साधला, त्यातून किती अर्ज आले, याचा वार्षिक आढावा लेखी नसल्याने. नुसती जाहिरातींची यादी पुरत नाही. आणि अपंगत्वाची माहिती नेहमीच्या कर्मचारी फाईलमध्ये मुळीच ठेवू नका. ती वेगळी, गोपनीय हवी.