मदरबोर्ड बदला, विंडोज तशीच राहू द्या: पण तयारी जुन्या बोर्डवर करा

एच८१ बोर्ड आणि चौथ्या पिढीचा आय-५ काढून तुम्ही बी७६० बोर्ड व आय-५ १२४०० बसवणार आहात, जुना बोर्ड अजून चालू आहे आणि टॅलीसकट विंडोज १० पुन्हा टाकायची वेळ येऊ नये, असा तुमचा प्रश्न आहे. हे जमते. मात्र त्यातले निम्म्याहून अधिक काम जुना बोर्ड जागेवर असतानाच उरकावे लागते, आणि नेमके तेच बहुतेक जण विसरतात.

नवा चिपसेट (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) पाहून विंडोज १० सहसा अडत नाही. अडते ते डिस्क कशी सुरू होते यावर. त्या काळातल्या असेंबल्ड मशीनवर विंडोज बहुधा जुन्या लेगसी पद्धतीने, म्हणजे एमबीआर या जुन्या पार्टिशन-मांडणीच्या डिस्कवर टाकलेली असते. बी७६० वर प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणार असाल, तर लेगसी पद्धतीने मशीन सुरूच होणार नाही. म्हणून आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि मग डिस्क एमबीआरमधून जीपीटी या नव्या मांडणीत नेणारे विंडोजमधलेच एमबीआर२जीपीटी हे साधन प्रथम केवळ तपासणीसाठी चालवा. तपासणी नापास झाली, तर डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहा. आपल्याकडचे दुकानदार डी, ई, एफ असे ड्राइव्ह हौसेने पाडून देतात आणि ते हिरव्या चौकटीत दिसले, तर ते लॉजिकल पार्टिशन, म्हणजे एका मोठ्या पार्टिशनच्या आत पाडलेले भाग, आहेत असे समजावे. हे साधन अशी डिस्क स्वीकारत नाही, प्रायमरी, म्हणजे मुख्य, पार्टिशनही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. तेव्हा त्यातला डेटा हलवून ते पार्टिशन काढावेच लागतील. तपासणी पास झाली, की त्याच साधनाने डिस्कचे रूपांतर करा. ते झाले, की जुन्याच बोर्डच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी बोर्डची सेटिंग) यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत निवडून मशीन सुरू होते याची खात्री करा.

तिथेच साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ती सेटिंग, हीही पाहा. तो आयडीई, म्हणजे जुना, असेल, तर विंडोजमधल्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या साधनात सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय हा नवा मोड निवडा, आणि सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडली की ती खूण काढून टाका. हे न करता डिस्क सरळ नव्या बोर्डला जोडल्यास एएचसीआयचा ड्रायव्हर वेळेवर न मिळून निळी स्क्रीन येऊ शकते.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असल्यास तो स्थगित करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. पिनने लॉगिन करत असाल, तर खात्याचा पासवर्ड आठवतो ना हे पाहा, कारण बोर्ड बदलल्यावर पिन बहुधा चालत नाही. टॅलीचे लायसन्स मशीनशी बांधलेले असते. ते जुन्या बोर्डवरूनच सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या. नव्या बोर्डच्या लॅनचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट नाही आणि इंटरनेटला ड्रायव्हर नाही, अशी पंचाईत होते. जुनी डीडीआर३ रॅम मात्र नव्या बोर्डवर बसणार नाही.

विंडोजचे डिजिटल लायसन्स मुख्यतः बोर्डशी जोडलेले असते, म्हणून ते आधी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडा. नंतर अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये अलीकडे हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडता येतो. रिटेल, म्हणजे स्वतंत्रपणे विकत घेतलेले, लायसन्स नव्या बोर्डवर नेता येते. ओईएम, म्हणजे मशीनसोबत आलेले, असेल, तर नियमाने ते जुन्या बोर्डसोबतच संपते, तेव्हा नव्या लायसन्सचा खर्च आत्ताच हिशोबात धरा.