वेग आधी लावा, मग साठवा

फोनलाइनवरून संगणक जोडणाऱ्या मॉडेमला पोर्टचा, म्हणजे संगणकाशी बोलायचा, वेग सांगणारी वेगळी आज्ञा शोधत बसू नका. हेज कंपनीच्या पठडीतल्या आज्ञा पाळणारा मॉडेम तुम्ही टाइप केलेल्या ‘एटी’ या दोन अक्षरांवरूनच तुमचा वेग आणि पॅरिटी (चूक पकडण्यासाठी अक्षरासोबत जाणारा जादा बिट) ओळखतो.

खरी अडचण येते ती मॉडेम फोन उचलायला लावून ठेवला असेल तेव्हा. वीज जाऊन आली, संगणकाने अजून एकही आज्ञा पाठवलेली नाही आणि तेवढ्यात फोन वाजला, तर ‘रिंग’ हा संदेश कुठल्या वेगाने द्यायचा? यूएस रोबोटिक्सच्या स्पोर्टस्टरसारखे मॉडेम तेव्हा साठवलेला वेग वापरतात. तो तुमच्या प्रोग्रामशी जुळला नाही, तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटतात.

म्हणून टर्मिनल प्रोग्राम (ज्यातून मॉडेमला आज्ञा टाइप करता तो) आधी ३८४०० बिट प्रति सेकंदावर लावा, मगच ‘एटी&डब्ल्यू’ ही सेटिंग साठवणारी आज्ञा द्या. आज्ञा ज्या वेगाने पोचते तोच वेग कायम स्मृतीत जातो. २४०० वर असताना दिलीत तर २४००च राहील. मग साठवलेली सेटिंग दाखवणारी ‘एटीआय५’ ही आज्ञा देऊन ‘बॉड’पुढचा, म्हणजे वेगाचा, आकडा स्वतः बघाच. ‘एटीआय४’वर विसंबू नका, ती फक्त चालू सेटिंग दाखवते. आणि हा वेग संगणक ते मॉडेम एवढ्यापुरताच. फोनलाइनवरचा वेग समोरच्या मॉडेमशी बोलून वेगळा ठरतो.