वजन १२८ किलो असेल तर विमानाची सीट पुरते का? आणि खुर्ची, सोफा, पलंग काय बघून घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाचं वजन १२८ किलो, पहिल्यांदाच विमानाने मुंबईहून दिल्लीला जायचंय, सीटमध्ये मावेल का? शिवाय घरात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मोडल्या, कॉम्प्युटरची खुर्ची आपोआप खाली जाते, तर नवं काय घ्यायचं?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विमानात अडचण इंचांची असते, घरात किलोंची. विमानाची सीट मोडेल ही भीती आधी काढून टाका. अपघाताच्या चाचणीत त्या सीटवर ७७ किलोचा पुतळा बसवून गुरुत्वाच्या १६ पट झटका देतात, म्हणजे पुढच्या दिशेने बाराशे किलोंच्या वर जोर. १२८ किलोच्या माणसाने नुसतं बसून तिला काही होत नाही.

आता इंच. भावाला कडक स्टुलावर बसवा, दोन्ही बाजूंनी मांड्यांना टेकतील अशी दोन जाड पुस्तकं उभी धरा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. उभ्याने मोजू नका, बसल्यावर माणूस दोन-एक इंच पसरतो. हा आकडा सीटच्या दोन हातांमधल्या (आर्मरेस्टमधल्या) अंतराशी ताडून बघायचा. बोईंग ७३७ मध्ये ते साधारण १७ इंच, एअरबस ए३२० मध्ये १८, आणि छोट्या एटीआर ७२ मध्ये पुन्हा १७ च्या आसपास. एका इंचाने काय होतं असं वाटेल, पण या मापाच्या माणसाला तोच एक इंच हवा असतो. ७३७ ची रुंदी १९५० च्या दशकातल्या ७०७ वरून आलेली आहे. एका ओळीत सहा सीट आणि मधली वाट बसवल्यावर उरतं ते एवढंच. इंडिगोकडे बहुतेक ए३२० घराण्यातली विमानं आहेत, अकासाकडे सगळी ७३७. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचूनच पैसे भरा.

ए३२० मध्ये मोजलेला आकडा १८ च्या आत असेल तर एक सीट पुरेल; ७३७ किंवा एटीआर असेल तर इथले आकडे एक-एक इंचाने कमी धरा. १८ ते २० असेल तर सीटचा मधला हात वर करून बसता येईल, पण शेजारचा घरचाच माणूस हवा. २० च्या वर असेल तर सरळ दोन सीट घ्या. जास्तीच्या सीटला विमानवाले ईएक्सएसटी म्हणतात, नावाच्या रकान्यात तेच जातं. इंडिगोने करोनाकाळात, जुलै २०२० मध्ये, दोन सीटची सोय सुरू केली होती. आज कोणती कंपनी कशी देते ते तिच्या वेबसाइटवर किंवा फोनवर विचारा. दोन्ही बोर्डिंग पास मात्र काढून घ्या आणि गेटवर दाखवा. दुसऱ्या सीटचं चेक-इन राहिलं तर यंत्रणेला तो प्रवासी आलाच नाही असं दिसतं आणि ती जागा दुसऱ्याला जाऊ शकते.

मांड्या मावल्या तरी खांदे मावतात असं नाही. बहुतेक पुरुषांचे खांदे कमरेपेक्षा रुंद असतात आणि सीट मोजतात ती कमरेपाशी. खिडकीपाशी विमानाची भिंत वर आत वळलेली असते, तिकडचा खांदा दाबला जातो. म्हणून वाटेकडची सीट घ्या. त्या बाजूचा हात उचलता येत नाही असं वाटतं, पण बऱ्याच सीटना बिजागरीजवळ खालच्या अंगाला एक छोटी कळ असते. बोटाने चाचपून दाबली की हात वर जातो. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तो खाली ठेवावा लागतो.

सगळ्यात पुढची रांग ऐसपैस दिसते म्हणून लोक जादा पैसे भरून घेतात आणि फसतात. तिथे समोर सीट नसल्याने ट्रे हातात लपवलेला असतो, त्यामुळे हात जाड आणि पक्का, सीट उलट अरुंद. आपत्कालीन दारांपाशीही बहुधा तेच. शिवाय ज्याला पट्ट्याला जोडपट्टा लागतो त्याला आपत्कालीन दारांच्या रांगेत बसू देत नाहीत.

हा जोडपट्टा मागायला लाजू नका. आत शिरतानाच दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला हळूच सांगायचं, ‘सीटबेल्ट एक्स्टेंडर लागेल’. त्याने साधारण दोन फूट लांबी वाढते. ऑनलाइन विकत मिळतात ते घेऊ नका: बकलांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि बऱ्याच कंपन्या बाहेरचा पट्टा चालवून घेत नाहीत. लहान बाळासाठी देतात तो पट्टा वेगळा, तो यात चालत नाही.

सीटची किमान रुंदी कोणी ठरवत का नाही, हेही विचारलं जातं. अमेरिकेत २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांच्या विमान नियामकाला यावर चांगलंच सुनावलं, २०१८ मध्ये संसदेने किमान माप ठरवायचा कायदाही केला, आणि २०२२ मध्ये नियामक अजून लोकांच्या सूचना मागवत होता. कॅनडात २००९ पासून देशांतर्गत प्रवासात, जाडीमुळे एका सीटमध्ये मावत नसल्याचं सिद्ध झालं तर मोठ्या कंपन्यांना दुसरी सीट फुकट द्यावी लागते. मला तीच रीत रास्त वाटते.

किलोंचा हिशोब विमानातही असतो, पण तो कंपनीने करायचा. २००३ मध्ये अमेरिकेत शार्लट इथे एक १९ आसनी विमान उडताच कोसळलं, २१ जण गेले. देखभालीतली चूक होतीच. पण प्रवाशांचं धरलेलं सरासरी वजन खऱ्यापेक्षा कमी होतं आणि विमानाचा भार मर्यादेपेक्षा मागे झुकला होता. तेव्हा लहान विमानात कोणी जागा बदलायला सांगितली तर अपमान समजू नका.

आपल्याकडेही असा सरासरी वजनाचा गृहीत धरलेला माणूस रोज दिसतो. तुमच्या इमारतीच्या लिफ्टमधली पाटी वाचा: ६ व्यक्ती, ४०८ किलो. भागा, ६८ येतात. ८ व्यक्तींना ५४४, १३ व्यक्तींना ८८४, सगळीकडे माणशी ६८च. इकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीएमआय २५ किंवा त्यावर (म्हणजे उंचीच्या मानाने वजन जास्त) असलेले पुरुष २०१५-१६ मध्ये १८.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २२.९ टक्के झाले. स्त्रिया २०.६ वरून २४ टक्क्यांवर गेल्या.

प्लास्टिकची खुर्ची मोडते ती बहुधा वजन पेलत नाही म्हणून नव्हे. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात आणि पाय जिथे बैठकीला मिळतो तिथे चीर जाते. गच्चीत उन्हात ठेवलेली खुर्ची तर आधीच ठिसूळ झालेली असते. त्या जागी पांढरट चरे दिसले की ती खुर्ची वजनदार माणसाला देऊच नका. आणि धपकन बसणं बंद. वरून न पडता, नुसता सगळा भार एकदम सोडला तरी क्षणभर ताण दुप्पट होतो. १२८ चे २५६.

कॉम्प्युटरची खुर्ची खाली जाते कारण गॅसच्या नळकांड्यातली सील गेली आहे. तेवढंच बदलून मिळतं. ‘क्लास ४’ छापलेलं घ्या, त्याची नळी जाड असते; जुनं कापू किंवा तापवू नका, आत दाब असतो. बदलण्याआधी खुर्ची उलटी करून पंचकोनी पायाचा मधला गोल बघा. नायलॉनला तिथे केसाएवढी जरी चीर असेल तर खुर्ची टाकून द्या. नवी घेताना बिफमा (अमेरिकेतली फर्निचर उत्पादकांची संघटना) हिचं एक्स ५.१ हे मानक विचारा, २०१७ च्या आवृत्तीत ते १२५ किलोंपर्यंत धरतं. म्हणजे भाऊ त्याच्या थोडा बाहेरच. एक्स ५.११ हे मानक १८१ किलोंपर्यंतचं आहे, ते मिळालं तर उत्तम. नाहीतर निदान पाया धातूचा हवा. ऑनलाइन जाहिरातीतल्या नुसत्या ‘१५० किलो क्षमता’ला, चाचणीचं नाव नसेल तर, काही अर्थ नाही.

सोफ्याच्या दुकानात फोम दाबून बघतात, त्याने फक्त कडकपणा कळतो. टिकतो तो डेन्सिटीवर (एक घनमीटर फोम किती किलो भरतो त्यावर), आणि स्वस्त फोमही कडक असू शकतो. गादीचं कव्हर काढून फोम वजनकाट्यावर ठेवा: २४ × २४ × ५ इंचाचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर सुमारे १.९ किलो भरतो, ३२ चा दीड, २४ चा १.१. भावासाठी ४० च्या खाली जाऊ नका. तीन जणांच्या सोफ्याला मधोमध पाचवा पाय हवा. बैठक १९ इंच ठेवा, दबून १७ होईल. त्याहून खाली गेली तर उठताना गुडघ्यांची वाट लागते.

पलंगाचा प्लाय १८ मिमी घ्या, पण जाडीपेक्षा खालचे आधार महत्त्वाचे. दोन आधारांमधलं अंतर अर्धं केलं तर प्लाय आठव्या हिश्श्याएवढाच वाकतो. म्हणून मधली आडवी पट्टी एक नको, दीड-दीड फुटावर हवी. पार्टिकल बोर्डचा पलंग मात्र नकोच: त्यातला स्क्रू एकदा उपटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही.

आणि कमोड भिंतीला टांगलेला असेल तर भांड्याची काळजी करू नका, युरोपीय मानकात ते ४०० किलोंना तपासतात. भिंत चार इंची विटांची किंवा हलक्या ब्लॉकची आहे का आणि आत जमिनीला बोल्ट केलेली लोखंडी फ्रेम आहे का, ते प्लंबरकडून बघून घ्या. अशी कच्ची भिंत असेल आणि फ्रेम नसेल तर जमिनीवर बसणारा कमोड लावा.