एआयच्या मदतीने ऐतिहासिक कथा लिहून इतिहास शिकता येतो का?

येतो, पण कथा एआयकडूनच लिहून घेतलीत तर फारसं हाती लागत नाही. प्रसंग स्वतः लिहा, त्याला चुका काढायला सांगा. मी लंडनच्या १६६६ च्या आगीवर लिहीत होतो. ती पुडिंग लेनमधल्या बेकरीतून पसरली. माझा बेकरीवाला काडी ओढून भट्टी पेटवत होता. घासून पेटणाऱ्या काड्या विकायला आल्या १८२७ मध्ये! मग चकमक, गारगोटी, ठिणगी धरणारी जळकी चिंधी, सगळं शोधत बसलो. रात्री निखारे राखेखाली का जपत, तेही तेव्हाच उमगलं. एआय कधीकधी सनावळ्या आणि अवतरणं बेधडक रचतं, त्यामुळे तपशील पुस्तकात पडताळा. आणि ‘माझ्या पात्राला तेव्हा काय ठाऊक नसेल?’ हे त्याला जरूर विचारा.