वाचकांचे प्रश्न : चोरीची मूर्ती लिलावात दिसली तर?

प्रश्न : आमच्या देवळातली (ता. सिन्नर) विष्णूची दगडी मूर्ती १९९८ मध्ये चोरीला गेली. तशीच मूर्ती न्यूयॉर्कच्या एका लिलावाच्या कॅटलॉगात दिसतेय. विश्वस्तांनी लिलावगृहाला ई-मेल करावा का?

उत्तर : इतक्यात नको. नुसत्या मेलवर लिलावगृहाने वस्तू लिलावातून काढली आणि ती विकायला आणणाऱ्याला परत केली, की पुढे माग लागणं कठीण. आधी त्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या : लॉट क्रमांक, मापं, पूर्वीच्या मालकांची माहिती. 'युरोपातील खासगी संग्रह' एवढंच मोघम लिहिलं असेल तर संशय घ्यायला जागा आहे.

मग कागद. एफआयआरची प्रमाणित प्रत काढा. तपास 'अ' समरीने (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही) बंद झाला असेल तर ठाण्यात नसलेली कागदपत्रं न्यायालयात मिळू शकतात. धर्मादाय सह आयुक्तांच्या कार्यालयातून शेड्यूल १ चा (देवस्थानाच्या सरकारी नोंदीचा) उतारा घ्या. घोडं पेंड खातं ते इथेच. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या १९७० च्या करारानुसार देवळातून चोरलेली वस्तू परत मागायची तर ती देवळाच्या नोंदीत असावी लागते, आणि उताऱ्यात असतं 'देवाची मूर्ती, नग १'! ही उणीव फोटोंनी भरून काढा. उत्सवातले फोटो वस्त्र-हारांमुळे निरुपयोगी; अभिषेकाच्या वेळचा शोधा. नाक, बोटं डागडुजीत बदलतात, दगडातली शीर आणि जुने टवके बदलत नाहीत. मूर्तीची खालची बैठक (पीठ) अजून देवळात असेल तर तिच्यातली मूर्ती बसवायची खाच मोजा, सिमेंटने बुजवू नका. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या जुन्या फोटोंवरून ओळखला गेला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये घेतलेली ती मूर्ती २०१४ मध्ये परत आली.

ही फाइल नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला एकाच दिवशी द्या. परदेशातली मागणी सरकारमार्फत गेलेली बरी. न्यूयॉर्कच्या कायद्यात चोरीच्या मालाची मालकी प्रामाणिक खरेदीदारालाही मिळत नाही, आणि त्याच्याविरुद्ध दावा लावायची ३ वर्षांची मुदत त्याने परत द्यायला नकार दिल्यापासून मोजतात. तरी कळूनही गप्प बसलात तर तेच तुमच्यावर उलटू शकतं. मधल्या काळात मूर्ती इटलीत विकली गेली असेल तर मात्र अवघड, तिथला कायदा प्रामाणिक खरेदीदाराच्या बाजूने आहे.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरचा नासक हिरा असाच परत मागता येईल?

उत्तर : कोर्टातून नाही. तो १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने युद्धाची लूट म्हणून नेला. युनेस्कोचा करार इतका मागे जात नाही. कोहिनूरच्या याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाली काढल्या : परदेशातली वस्तू आणा, असा हुकूम इथून देता येत नाही.