देवाशी एकेरीत बोला

टोरंटोजवळ राहणाऱ्या एका भगिनीचे चार पानी पत्र माझ्यापुढे आहे. बाई, तू मला ‘मावशी’ म्हटले आहेस, म्हणून मीही तुला एकेरीत लिहिते. हे मुद्दाम सांगते, कारण मला पुढे या एकेरीवरच यायचे आहे.

तू चार प्रश्न विचारले आहेस आणि त्यांतला खरा प्रश्न तिसऱ्या पानावर, गाडीला हिवाळी टायर बसवल्याच्या मजकुराखाली घातला आहेस. तू लिहितेस, “आम्ही चर्च सोडलेले नाही. रविवार चुकत नाही, नाताळला मुले गाणी गातात, वर्गणीही देतो. पण देवाशी बोलायला बसले की बँकेच्या फोनवर ताटकळत बसल्यासारखे वाटते. संगीत वाजत राहते आणि पलीकडून कोणी येत नाही.” हे वाचून मला आधी हसू आले आणि मग पोटात कालवले, कारण ते संगीत मी दोन वर्षे ऐकलेले आहे. मात्र त्याच्याच खाली तू लिहितेस, “हल्ली मी प्रार्थना मनातल्या मनात, इंग्रजीतच करते, म्हणजे मुलांनाही कळेल.” अगं, मनातल्या मनात केलेली प्रार्थना मुलांना कळणार तरी कशी?

माझे म्हणणे साधे आहे आणि हा स्तंभ नेहमी वाचणाऱ्यांना ते ऐकून कंटाळाही आला असेल: देवाशी पुन्हा बोलायचे असेल, तर ते तोंडाने, ऐकू जाईल अशा आवाजात आणि मराठीत बोलावे. मराठी प्रार्थना देवाला अधिक लवकर पोचते असा माझा मुळीच दावा नाही. मराठीत आपल्याला खोटे बोलणे जड जाते, एवढेच मी अनुभवाने सांगते.

नगरच्या आमच्या घरात वडिलांना आम्ही ‘तुम्ही’ म्हणत असू आणि आजोबांसमोर तर मान वर करून बोलण्याची छाती नव्हती. पण संध्याकाळी मध्ये कंदील ठेवून घरगुती प्रार्थना सुरू झाली की तेच आजोबा, तेच वडील आणि आम्ही पोरेसोरे एका सुरात म्हणत असू, “हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.” ज्या घरात बापाला ‘तू’ म्हणण्याची सोय नव्हती, त्या घरात स्वर्गातील बापाला लहानथोर सगळे ‘तू’ म्हणत होते. मराठी माणूस असे बोलतो ते आईशी आणि देवाशी. वारकरीही विठोबाशी असेच बोलतात आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले ते याच घरोब्यातून. इंग्रजीत मात्र बँकेचा अधिकारी, मुलांची शिक्षिका आणि परमेश्वर या सगळ्यांना एकच सर्वनाम पुरते. तिथल्या जुन्या प्रार्थनांत देवासाठी वेगळे एकेरी सर्वनाम होते खरे, पण ते आता त्यांच्याही बोलण्यात उरलेले नाही आणि आपल्या तोंडी तर ते कधी नव्हतेच.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन दोन वर्षे झाली होती, तेव्हा फेब्रुवारीत वडील गेले. धाकटी अकरा दिवसांची होती, तिकिटाचे पैसे नव्हते आणि बातमी पोचली तेव्हा माती होऊनही गेली होती. त्यानंतर मी चर्चला गेले, प्रभुभोजन घेतले, गायनमंडळात उभी राहून गायले. माझ्यातले काय आटले आहे, याचा कोणाला पत्ताही लागला नाही. अशा अवस्थेत दोन वर्षे गेली. मग एका शनिवारी गुजराती दुकानातून बाजरीचे पीठ आणून मी भाकरी करायला बसले. पीठ जुने होते. त्याला चिकटा नव्हता, त्यामुळे थापलेली भाकरी परातीतून उचलली की तुटे. तिसरी भाकरी हातात तुटली, तेव्हा सवयीने ओठांवर आले, “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे,” आणि ‘भाकर’ या शब्दाशीच माझा बांध फुटला. मी मोठ्याने म्हणाले, “तू त्यांना नेलेस ते नेलेस, पण मला मातीलाही पोचू दिले नाहीस. तुला काय कमी पडत होते?” आणखीही बरेच बोलले, ते इथे लिहिण्याजोगे नाही. तवा तापून धुरकटला होता. थोरला दारात येऊन म्हणाला, “आई, तू कोणाशी बोलतेस? फोन तर बाहेर आहे.”

तुझा तो बँकेचा फोन वाचल्यावर मला हेच आठवले. मी देवाला बोल लावला, हे काही आमच्या पाळकांना आवडण्यासारखे नव्हते, पण दोन वर्षांत मी त्याच्याशी बोललेले ते पहिले खरे वाक्य होते. इंग्रजीत मी त्याला ‘पाव’ मागत होते आणि पावाविषयी माझी काहीच तक्रार नव्हती.

तू म्हणतेस, “ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, त्याला पुन्हा सुरुवात करण्याची गरज पडावी, याचीच लाज वाटते.” पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला आणि तोही परदेशात, इंग्लंडमधल्या वाँटेज गावी. त्या स्वतः लिहून गेल्या आहेत की धर्म मिळाला तरी त्यांना ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षे लागली. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले. अल्पशिक्षित बायकांनाही कळावे म्हणून त्यांनी मराठी साधी ठेवली. १९२२ साली त्या गेल्या आणि ते बायबल १९२४ साली छापून निघाले. रमाबाईंना आठ वर्षे लागतात, तिथे तुला-मला काही हिवाळे लागले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? दाविदाच्या एक्कावन्नाव्या स्तोत्रातही मागणे आहे ते “माझ्या ठायी स्थिर असा आत्मा पुन्हा घाल” असेच. त्यातल्या ‘पुन्हा’वर बोट ठेव आणि ते स्तोत्र रोज एकदा मोठ्याने वाच. वाचताना घशात आवंढा आला तर तिथेच थांब. अध्याय पुरा करण्याचा आग्रह नको.

मुलांना त्यांच्या इंग्रजीत प्रार्थना करू दे. इथे मी एक चूक केली आहे, ती तू करू नकोस. धाकटी सात वर्षांची असताना प्रार्थनेत “देवा, तू माझा आजीला बरा कर” म्हणाली आणि मी तिथल्या तिथे “माझा नव्हे, माझ्या, बरा नव्हे, बरे” असे तिचे व्याकरण सुधारले. त्यानंतर ती आमच्यासमोर कित्येक वर्षे मोठ्याने प्रार्थना करीना. त्या दिवशी देवाला तिचे कळले होते, अडले होते ते माझे. मुलांनी मराठीत प्रार्थना करण्यापेक्षा आपली आई देवाशी कशी बोलते हे त्यांच्या कानांवर पडणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बाकीच्या प्रश्नांना फार वेळ देत नाही. ड्रम वाजवणारे जवळचे चर्च की महिन्यातून एकदा भरणारी दूरची मराठी मंडळी, असे तू विचारतेस; तर दोन्हीकडे जा. मुलगा दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास आता स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याच्या विधीला, तयार नाही, तर त्याला एक वर्ष दे आणि त्या वर्षात हा विषय जेवणाच्या ताटावर काढू नकोस. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा देवासाठी काढलेला दहावा हिस्सा, गावच्या मंडळीला पाठवायचा की तुमच्या तिथल्या चर्चला द्यायचा, हे नवऱ्याबरोबर बसून ठरव.

राहिली सासूबाईंची तक्रार, की तुम्ही त्यांना प्रार्थनेत घेत नाही. तुमच्याकडे हिवाळ्यात सायंकाळचे सात वाजतात, तेव्हा नगरला पहाटेचे साडेपाच झालेले असतात आणि त्या वेळी त्या उठून बसलेल्या असतात, हे तूच लिहिले आहेस. आठवड्यातून एकदा त्यांना व्हिडिओवर घे आणि प्रार्थना त्यांनाच करायला सांग. त्यांची प्रार्थना लांबते, सगळ्या गल्लीतल्या आजाऱ्यांची नावे येतात, हेही तू लिहिले आहेस. तेव्हा डाळ आधीच मंद आचेवर ठेव.