तुर्की भाषेत ‘एविन्दे’ म्हणजे ‘तुझ्या घरात’ की ‘त्याच्या घरात’?

एकाच शब्दाला दोन अर्थ दिलेत, पुस्तकात चूक आहे का, असं तुम्ही विचारलंय. चूक नाही, दोन्ही अर्थ बरोबर आहेत.

मराठीत मालकी ‘माझं’, ‘तुझं’ या वेगळ्या शब्दात असते. तुर्कीत ती घरालाच चिकटते, आणि विभक्तीचा प्रत्यय तिच्यामागून येतो. एव म्हणजे घर. एविम माझं घर, एविन तुझं घर, एवि त्याचं किंवा तिचं घर. ‘-त’ या अर्थाचा प्रत्यय ‘दे’. म्हणून एविन + दे = एविन्दे, तुझ्या घरात. ‘त्याच्या घरात’ म्हणताना मात्र एवि आणि दे यांच्यामध्ये एक ‘न’ येऊन बसतो, आणि पुन्हा एविन्देच होतं. हाच ‘न’ सर्वनामातही दिसतो: ‘ओ’ म्हणजे तो, ‘ओन्दा’ म्हणजे त्याच्यात (इथे ‘दे’चं ‘दा’ होतं).

इझमिरला असताना शेजारच्या ताईंनी फोनवर सांगितलं, ‘चान्तान एविन्दे’, म्हणजे तुझी बॅग एविन्दे. मी तासभर स्वतःचं घर धुंडाळलं. बॅग त्यांच्या भावाच्या घरी होती. आधीची दोन वाक्यं त्याच्याबद्दलच होती, ती मी नीट ऐकली नव्हती.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट पुढे आहे. हे दोन ‘न’ मुळात एक नाहीतच. ‘तुझं’मधला ‘न’ पूर्वी ‘ङ’ होता, आपल्या ‘वाङ्मय’मधला. तुर्कीच्या नात्यातल्या कझाक भाषेत तो आजही जिवंत आहे: उयिङ्दे तुझ्या घरात, उयिन्दे त्याच्या घरात. गोंधळाला जागाच नाही! उस्मानी लिपीतही, म्हणजे तुर्कीच्या जुन्या अरबी लिपीत, या ङसाठी काफ आणि साध्या न साठी नून ही अक्षरं लिहीत. इस्तंबूलच्या बोलीत दोन्ही उच्चार एक झाले, आणि 1928 च्या रोमन लिपीत दोघांना एकच अक्षर मिळालं. अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, खेड्यांत तो ङ अजून कानावर पडतो.

शिकताना स्वरान्त शब्द घ्या, तिथे फरक उघड दिसतो. केदि म्हणजे मांजर: केदिने तुझ्या मांजराला, केदिसिने त्याच्या मांजराला. आणि एविन्देशी अडलात तर सरळ आधी सर्वनाम लावा: ‘सेनिन एविन्दे’ तुझ्या, ‘ओनुन एविन्दे’ त्याच्या. तिथली माणसंसुद्धा शंका आली की हेच करतात.